सावंतांची बारी

सोमवार, ४ मे

"बिनविजेची वाद्यं वाजवणाऱ्या बंधुभगिनींनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपल्याला कुणी ऐकून घेत नाही."

या महिन्याच्या कार्यक्रमांच्या यादीची सुरुवात अशी केली. यादी इंग्रजीत जाते, पण पहिलं वाक्य मला मराठीतच येतं. मग खाली नेहमीसारखं: १६ला जोहोर बाहरूला दुपारची बैठक, २३ला पेनांगला बँजो-फिडलच्या ब्लूग्रासवाल्यांचा मेळा, ३०ला आपल्याच सिंगापुरात मोठा महोत्सव. तीन वर्षं दर महिन्याला ही यादी करते आहे. कायम दुसऱ्यांची नावं. या वेळी ३० तारखेच्या ओळीत आमचं नाव. चौघं, पंधरा मिनिटं, एक माइक.

बँजोवाल्या लिमचा अंगठा लगेच आला. मेंडोलिनवाल्या सावंतांनी अजून वाचलेलंही नाही. काल कार्यक्रम संपल्यावर लगेच निघून गेले. "ताई, चलतो, यार्डात काम आहे." रविवारी संध्याकाळी जहाजदुरुस्तीच्या यार्डात कसलं काम?

मंगळवार, ५ मे

सावंत फोन उचलत नाहीत. सकाळी दोनदा, पाया लेबार स्टेशनला उतरल्यावर एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा.

घरी आल्यावर इराला म्हटलं, तुला काही बोलले का ग ते? ती फिडलला राळ लावत होती. मान वर न करता म्हणाली, "Mummy, you really don't know, is it?"

काय नाही माहीत?

"You talked through his break, lah."

मी चिडले. म्हटलं, मी त्यांचा परिचय करून देत होते! सोळा वर्षांच्या मुलीला परिचय म्हणजे काय ते कळायचं नाही. आमच्याकडे कलावंताला नुसतं ढकलत नाहीत माणसांपुढे. चार शब्द बोलतात.

"Four ah?" म्हणाली.

बुधवार, ६ मे

लिहूनच काढते, म्हणजे माझी बाजू मला तरी दिसेल.

रविवार. बुकित बातोक, कम्युनिटी क्लबची वरची खोली, चार ते सहा. सहाला खोली सोडायची, पुढे योगवाले येतात. खुर्च्या भरलेल्या. मधोमध एकच माइक, जुन्या पद्धतीने. ज्याचा ब्रेक तो पुढे येतो, वाजवतो, मागे सरकतो, पुढचा येतो. ब्रेकला सावंत 'बारी' म्हणतात. गावाकडे भजनाची असते तशी. "ताई, माझी बारी आली की जरा डावीकडे सरा, मेंडोलिन लहान आहे, गिटारच्या आड जातं."

शेवटी सावंतांची स्वतःची धून होती. मागच्या फेरीत नऊ महिने जहाजावर, इंजिनरूममधून वर आले की केबिनमध्ये बसून बांधलेली. मालवणला होडी वाळूवर ओढताना वडील आणि इतर माणसं जो ठेका धरायची, तो आत आहे. आजवर फक्त आम्ही तिघांनी ऐकलेली. इराने तिचा फोन स्टँडवर लावला होता, पलीकडे मालवणहून सावंतवहिनी बघत होत्या.

मी माइकपुढे गेले ती परिचयाला. बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आला हे सांगितलं. मेंडोलिन इटलीहून बोटीने आलेल्यांनी आणलं हे सांगितलं. खाणकामगार, गिरणीतल्या बायका, मग आपण. परक्या बेटावर कामाच्या पासवर जगणारे, मुदत संपली की निघा म्हणून सांगितले जाणारे. लोक हलले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले, मी पाहिलं. मला वाटलं, आता ही धून जमिनीत रुजेल अशी माती तयार होते आहे.

मग दार वाजलं. सहा वाजले होते.

धून झालीच नाही.

गुरुवार, ७ मे

महोत्सवाकडून मेल. वाजवणाऱ्यांची अंतिम नावं आणि गाणी सोमवार, १८पर्यंत द्यायची. चौघांतला एकही कमी झाला तर जागा प्रतीक्षायादीतल्या गटाला.

लिमला फोन केला. बँजो वाजवतो, निवृत्त मास्तर, गोड बोलणं त्याला ठाऊक नाही. म्हणाला, "नो मेंडोलिन, नो चॉप. नो चॉप, हाऊ? वी ऑल रन लाइक बस नो ब्रेक." आमच्यात ढोलकी नाही, ड्रम नाही. ठेका धरायचा तो मेंडोलिनच्या त्या तोडून वाजवलेल्या ठोक्यांनी. म्हणजे सावंत गेले तर नुसता माणूस जात नाही, जमीन जाते.

"यू से सॉरी ऑरेडी ऑर नॉट?"

म्हटलं, कशाबद्दल? वेळ चुकली, हेतू नाही.

त्याने फोन ठेवला. लिम असं कधी करत नाही.

शनिवार, ९ मे

सेम्बावांगला गेले. सावंत तिथे एका ब्लॉकमध्ये खोली घेऊन राहतात. तीन महिने यार्डात दुरुस्तीचं काम, मग नऊ महिने समुद्र. फोन घेत नाहीत म्हणून खाली दगडी बाकावर बसून राहिले. दीड तास. शेजारी दोन म्हातारे पटावर सोंगट्या आपटत होते. मी मनात मुद्दे लावत होते. पहिला हेतू, मग कार्य, मग कळकळीचं आवाहन. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल याच क्रमाने आणत असे.

सावंत आले. निळा बॉयलरसूट, हातात टोमॅटोची पिशवी. मला पाहून दचकले, मग हसले. तेच जास्त लागलं.

"ताई! च्या घेणार?"

हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांपाशी बसलो. मी बोलले. चहावर साय आली तरी बोलत होते. मध्ये एकदा त्यांनी तोंड उघडलं, मी म्हटलं, थांबा, मला पूर्ण करू द्या.

पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारलं, "झाला बोलून?"

हो म्हटलं.

"आतासुद्धा तुम्हीच बोललात, ताई."

मग म्हणाले, रागाने नाही, पत्ता सांगावा तसे, की त्या दिवशी घरी शेजारच्या चार बायका येऊन बसल्या होत्या. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मंडळी सगळं इंग्रजी ऐकत बसली, एक शब्द न कळता. मध्ये मध्ये बायको विचारायची, तुमची बारी कधी येतली? तुमची बारी कधी येतली? शेवटी शेजारणी उठून गेल्या, कामं होती घरोघर.

मी इंग्रजीत बोलले होते. हे माझ्या आत्तापर्यंत लक्षातही आलं नव्हतं. समोर इथले लोक होते, त्यामुळे इंग्रजीत. पण ज्या एका बाईसाठी ती धून होती तिला...

जहाज २८ला सुटतं. विचारलं तर साहेब पुढच्या बंदरात चढायची परवानगी देतात, कोलंबोला. "पण विचारायचं कशाला, ताई? तिथं पंधरा मिनिटं. तुमची चौदा."

चहाचे कप तेच उचलून ठेवून आले. मला टोमॅटो दिले दोन. "घ्या, इराला आवडतात."

रविवार, १० मे

सराव रद्द केला. कारण दिलं नाही.

टोमॅटो ओट्यावर आहेत.

सोमवार, ११ मे

माफीचं पत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात तिसऱ्या ओळीत "स्थलांतरितांचा आवाज" आला. फाडलं. दुसऱ्यात "तथापि". फाडलं. घरात दोन भिंतींना पुस्तकं आहेत, अर्धी तोंडपाठ. राजसत्तेला सुनावणारं वाक्य कुठल्याही मिनिटाला देते. "चुकलं" हे एका ओळीत म्हणायला मला येत नाही. शेहेचाळीस वर्षांची बाई.

मग व्हॉइस मेसेज केला. इराने स्क्रीन पाहिली. "Seven minutes? Mummy, please lah."

पुसला.

बुधवार, १३ मे

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते. यादी ज्यांना जाते त्यांतल्या एका माणसाला विचारलं. तांपिनीसला राहतो, मेंडोलिन बरं वाजवतो. ३०ला मोकळा आहेस का? लगेच हो म्हणाला. दोन तास मला श्वास घेता आला.

दुपारी लिमला कळवलं. उत्तर एका ओळीचं. हा आला तर मी नाही.

म्हटलं, लिम, तीन वर्षं! तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या तारखा टाइप करते आहे! पुढच्या वर्षी इरा परीक्षेच्या वर्गात जाईल, माझा पास राहतो की जातो देव जाणे, तुझी बोटं आत्ताच आखडतात. पुढचं वर्ष नाहीये आपल्याला!

"आय नो," म्हणाला. "स्टिल."

तांपिनीसवाल्याला "नको" म्हणून कळवलं. आता ना हा, ना तो.

शुक्रवार, १५ मे

ऑफिसात मीटिंगमध्ये माझी मांडणी होती. उत्तम झाली म्हणे. मला फक्त दिसत होतं की टेबलाच्या टोकाची मुलगी दोनदा तोंड उघडून मिटते आहे. आधीही असं होत असेल. किती वर्षं?

तिला नंतर विचारलं, काही म्हणायचं होतं का? म्हणाली, नाही नाही, इट्स ओके.

अगदी सावंतांसारखी हसली.

रविवार, १७ मे

सराव. उद्याच्या मुदतीआधीचा शेवटचा. तिघंच. इराने सवयीने चार खुर्च्या लावल्या, मग कुणीच एक उचलली नाही.

इरा म्हणाली, अंकलची धून वाजवू या. तिला आणि लिमला साथ पाठ आहे. मला वाटलं, मधल्या ब्रेकला लिम बँजो भरेल. त्याने नाही भरला. बँजो मांडीवर आडवा ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. मी गिटारवर नुसता हलका ठेका धरला. इराने गज खाली घेतला.

त्या जागेत काहीच नव्हतं. मला बोलावंसं वाटलं. खरंच, तोंडात वाक्य आलं होतं, काहीतरी शांततेवर. दात आवळून बसले.

आणि संपलं. इराने पुन्हा गज उचलला.

किती वेळ होता हा? इराने फोनवर रेकॉर्ड केलं होतं, बघून म्हणाली, "Half a minute. Not even."

एवढीच बारी. एवढ्यासाठी नऊ महिने.

लिम जाताना दारात थांबला. "टुडे यू प्लेड वेल," म्हणाला. मी काय वाजवलं? काहीच नाही वाजवलं.

सोमवार, १८ मे

सकाळी, ऑफिसला जाताना, एमआरटीच्या डब्यात उभ्याने.

महोत्सवाला मेल पाठवला. चार नावं, पहिलं सावंतांचं. पहिली धून त्यांची, नाव अजून नाही. परिचय नाही. निवेदन नाही. माझ्या नावापुढे फक्त "गिटार". सावंतांना न विचारता नाव दिलं आहे, हे पुन्हा तेच झालं का? झालं. पण आज नाव नाही दिलं तर विचारायलाही काही उरत नाही. ते नाही म्हणाले तर २८च्या आत मीच मागे घेईन, जागा जाऊ दे, यादीतली ती ओळ मी माझ्या हाताने खोडेन.

इराला विचारलं, कालचं रेकॉर्डिंग पाठवू का त्यांना? "Send. But don't write essay ah."

पाठवलं. बरोबर वहिनींनाही, मालवणला. मराठीत, एकच ओळ. त्या दिवशी तुमचा वेळ मी खाल्ला, माझं चुकलं.

आलं लिहिता.

सावंतांना लिहिलेलं इथे उतरवते, कारण पुसायचा मोह होईल. पाचदा कापलं. बुओना व्हिस्टाला गाडी बदलताना पाठवलं. पाया लेबारपर्यंत एकच करडी खूण. यार्डात फोन लॉकरमध्ये ठेवतात.

"सावंत, माझं चुकलं. रेकॉर्डिंगमध्ये मध्ये जी रिकामी जागा आहे ती तुमची आहे, तिथे कुणी वाजवलेलं नाही. ३०ला पहिले तुम्ही. मी माइकपासून डावीकडे उभी राहीन आणि बोलणार नाही. आज सुट्टी झाली की साहेबांना फोन करा आणि कोलंबोला चढायची परवानगी मागा."