जोडीचा अर्ज

१४ मार्च, शुक्रवार

माझं नाव नाही.

तीनदा पाहिलं. वरून खाली, खालून वर, मग मास्तरणीला, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, पाहायला लावलं. नाही म्हणजे नाही.

नीट लिहून काढते. डोकं जागेवर नाही, निदान वहीत तरी ओळीने येईल. पुढची तीन वर्षं कोणी कुठल्या हॉस्पिटलात आणि कुठल्या विषयात राहायचं, त्याची यादी आज बारा वाजता लागली. मोठ्या वर्गात अख्खी बॅच कोंबलेली. डीनसाहेबांचं भाषण कोणाच्या कानात शिरत नव्हतं. मग पडद्यावर नावं सरकायला लागली आणि एकच कल्ला! कोणी बाकावर चढलं, कोणी फोनवर आईला ओरडून सांगतंय, मागच्या रांगेतला जाड्या तर हमसून हमसून रडत होता. आनंदाने.

लांब्याचं, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं, नाव आलं. मोठं हॉस्पिटल, हाडांचा विभाग. आमच्या यादीतली पहिली ओळ! मी किंचाळले. त्याच्या गळ्यातच पडले सगळ्यांसमोर. कारण त्याचं लागलं म्हणजे माझं लागलंच. आमचा अर्ज जोडीचा आहे. दोन नावं, एक यादी, नऊ ओळी. लागलं तर दोघांना एकाच ठिकाणी, नाहीतर कोणालाच नाही. त्याला हाडं, मला भूल. 'लांब्या कापेल, मी झोपवीन' – वर्षभर हाच विनोद चाललाय. त्यावर मास्तरीण म्हणायची, "भूल देणारी तू, भूल पडलेला तो."

मग माझ्या नावाची वाट पाहिली. यादी संपली. पडदा पांढरा झाला.

लांब्या म्हणाला, "सिस्टिमची चूक असेल. सोमवारी ऑफिसात विचारू."

त्याचा हात गार पडला होता. मला वाटलं, माझ्यासाठी.

१५ मार्च, शनिवार

बाबांना फोन केला. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, त्यांची सगळी अक्कल तिकिटांच्या भाषेत येते. म्हणाले, "एक गाडी चुकली म्हणून स्टँड बंद होत नाही, बाळा. आणि जावईबापूंचं?" मी म्हटलं, त्यांचं लागलं. पलीकडे थोडा वेळ नुसतं खाकरणं. मग, "हे कसं काय? तुमचं तर एकाच तिकिटावर होतं ना?"

तेच तर!

१६ मार्च, रविवार

लांब्या दिवसभर आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. रविवारी दुपारी तो आला नाही असं या चार वर्षांत दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा त्याला कांजिण्या झाल्या होत्या.

मास्तरीण माझ्यासमोर हसतसुद्धा नाही. तिला डोळ्यांचा विभाग मिळालाय, तिच्याच गावात, घरापासून चालत दहा मिनिटांवर. पाच वर्षं एका खोलीत काढली आम्ही. आणि पोरीने आपला आनंद घडी घालून कपाटात ठेवलाय, माझ्या नजरेला पडू नये म्हणून. मी म्हटलं, "अगं, नाच की जरा." तर रडायलाच लागली.

१७ मार्च, सोमवार

चूक नाही.

खिडकीवाल्या बाईंनी कॉम्प्युटरवर माझा नंबर घातला. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाल्या, "तुमची जोडी तुटलेली आहे."

मला वाटलं, चिडवतायत. आमच्या लग्नाचं ऑफिसभर माहीत आहे, शिपाईसुद्धा 'वहिनी' म्हणतो.

"म्हणजे?"

"म्हणजे अर्ज वेगळे केलेत. शेवटच्या दिवशी, दुपारी. हे पाहा – यांची सही."

पाहिली. लांब्याची सही. शेवटची रेघ लांबच्या लांब ओढतो, कागद संपेपर्यंत.

"पण माझी सही कुठे आहे?"

बाई बिचाऱ्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "जोडी बांधायला दोघांच्या सह्या लागतात हो. तोडायला एकाची पुरते."

मग त्यांनीच समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. जोडी तुटल्यावर माझी तीच यादी माझ्या एकटीच्या मार्कांवर चालली. आईच्या आजारपणात माझे तीन महिने गेले, तिथेच मार्क गेले. वरच्या आठ ओळींना मी एकटी पुरी पडले नाही. नववी ओळ म्हणजे डोंगरातलं ते छोटं हॉस्पिटल. तिथल्या दोन जागा जोडीलाच देतात, एकटा माणूस तिथे टिकत नाही म्हणून. आणि मी तर आता एकटी!

"जोडी असती तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नववी ओळ लागली असती. दोघांनाही."

१८ मार्च, मंगळवार

प्लास्टरच्या खोलीत गाठलं त्याला. एका म्हाताऱ्याच्या मनगटाला ओल्या पट्ट्या गुंडाळत होता. मला पाहिलं आणि त्याला कळलं. काम मात्र सोडलं नाही. पट्टी नीट पुरी केली, कडा गुळगुळीत केल्या, म्हाताऱ्याला "आजोबा, आता हे अजिबात भिजवू नका" असं सगळं सांगितलं. मी दारात उभी. इतकं सावकाश प्लास्टर मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

मग बाहेर, स्ट्रेचर लावतात त्या बोळात.

"सांगणार होतो."

"कधी? लग्नात हार घालताना?"

"यादी लागल्यावर. मला वाटलं होतं तुझंही काहीतरी लागेल. खरंच वाटलं होतं गं."

"आणि सिस्टिमची चूक?"

सहा फूट दोन इंच, आणि भिंतीला असा चिकटला होता जणू कोणीतरी टेकवून ठेवलेली शिडी.

मग बोलायला लागला, एकदम, थांबेचना. म्हणाला, "नववी ओळ लागणार हे मला दिसत होतं. तिथे काय आहे? एक ऑपरेशन टेबल. मी गेलोही असतो तुझ्याबरोबर. पण मग रोज सकाळी उठून तुझ्याकडे पाहिलं असतं आणि मनात म्हटलं असतं, हिच्यामुळे. मी तुला कधी माफ केलं नसतं. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते!"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मग माझ्याच्याने झालं नसतं."

तेव्हा माझा तोल गेला. बोळात वॉर्डबॉय होते, सिस्टर होत्या, आमच्या बॅचचे दोघं होते. मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुझ्या जागी मी असते ना, तर हात तोडून घेतला असता, पण त्या कागदावर सही केली नसती!"

त्याने मान खाली घातली. "माहीत आहे," म्हणाला. "तू नसतीस केली."

अंगठी त्याच्या ॲप्रनच्या खिशात टाकून आले. प्लास्टरची पांढरी भुकटी बोटांना लागली होती, धुतली तरी नखांत राहिली.

१९ मार्च, बुधवार

जेवले नाही. बोलले नाही. मास्तरणीने केस विंचरून दिले.

२१ मार्च, शुक्रवार

त्याच्या आईचा फोन. त्यांना मी गेली दोन वर्षं 'आई'च म्हणते – माझी आई गेल्यापासून. त्याने घरी सगळं खरं खरं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मी काही त्याची बाजू घ्यायला फोन केलेला नाही. माझ्या पोटचा असला म्हणून काय झालं? पण तू मला परकी करू नकोस गं."

"नाही करणार," म्हटलं. मग पुढे 'आई' म्हणायला गेले आणि तोंडातून 'काकू' आलं. ओठांवरच अडखळलं आणि बाहेर पडलंच. त्यांनीच आधी फोन ठेवला.

एक माणूस गेला की त्याच्याबरोबर किती माणसं जातात! हे कोणी सांगत नाही.

२४ मार्च, सोमवार

उरलेल्या जागांची यादी आली. पहाटे मास्तरीणच धावत घेऊन आली, पायात वेगवेगळ्या चपला. दिवसभर फोन. ती नंबर फिरवायची, मी बोलायची. अकरा ठिकाणी. 'कळवतो'. 'जागा गेली'. 'आधी का नाही लागलं तुमचं?' एका साहेबांनी विचारलं, "जोडीचा अर्ज होता, मग तुटला का?" मी म्हटलं, "घरगुती कारण." मास्तरीण शेजारी बसून नखं खात होती.

बारावा फोन मी लावणार नव्हते. तिने लावला आणि माझ्या कानाला दाबून धरला. डोंगरातलं हॉस्पिटल. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई स्वतः फोनवर. आवाज असा, जणू घशात खडे भरलेत.

"जोडीच्या जागा आहेत या."

"माहीत आहे."

"मग?"

"मी एकटी आहे."

"हं," म्हणाल्या आणि ठेवला.

२६ मार्च, बुधवार

डॉक्टरबाईंचा फोन! दुपारी, मी कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट: "कोणी जोडी आली नाही. नियम मी बघते. एकटी टिकशील का?"

"टिकेन."

"सगळे असंच म्हणतात. एक तारखेपर्यंत कळव. लोकरीचं काही असेल तर घेऊन ये."

चहा सांडला. मागचा माणूस चिडला. मी त्याला 'थँक यू' म्हटलं!

एक विषय आहे, एक छप्पर आहे. तीन वर्षं आहेत. आनंद झालाय का? नाही. नाकातोंडात पाणी जायचं थांबलंय, एवढंच.

३० मार्च, रविवार

होस्टेल सोडलं. खोलीचा निरोप घेताना मास्तरीण अन् मी दोन्ही पलंग हलवून भिंतीला लावले, झाडू मारला. पाच वर्षांत हरवलेल्या सगळ्या पेन्सिली मिळाल्या.

फाटकाबाहेर तो उभा होता. माझी ट्रंक उचलून बसवर चढवली. मी नको म्हटलं नाही. जड होती.

"डोंगरात जातेयस म्हणे."

"हो."

"एकटी."

मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलावं, चांगलं जन्मभर सलेल असं. सुचलंही होतं. पण त्याचे डोळे सुजलेले होते आणि शर्टाची बटणं एक घर चुकलेली. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. रोज मीच सांगायची.

सांगितलं नाही. बस निघाली. पुढच्या थांब्यापर्यंत कशीबशी तगले, मग रडायला सुरुवात झाली ती घर येईपर्यंत. कंडक्टरने तिकीट मागितलंच नाही.

१ एप्रिल, मंगळवार

डोंगरात होकार कळवला. बाबांनी जुना कोट उन्हात टाकलाय.

३ एप्रिल, गुरुवार

बाबांच्या नावे पत्र आलं. त्याचं. चार पानं, हाताने लिहिलेली. बाबांनी चष्मा लावला आणि अंगणात बसून मोठ्याने वाचून दाखवलं. मी ऐकायचं नाही म्हणत होते. ते म्हणाले, "ऐकावं लागेल. पत्र माझं आहे, पण गोष्ट तुझी आहे."

सगळं लिहिलंय त्याने. काही लपवलेलं नाही, काही सजवलेलं नाही. सही करायला केव्हा गेला, का गेला, मग आमच्याशी कसा खोटं बोलला. 'माफी मागायला तोंड नाही म्हणून मागत नाही' असं. आणि शेवटी: 'तुमच्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही. माझ्या जागी ती असती तर तिने असं कधीच केलं नसतं. एवढं मला आयुष्यभर पुरेल.'

बाबांनी कागद घडीवर घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "पोरगा चुकला. फार चुकला. पण बिनतिकीट पकडल्यावर स्वतःहून हात वर करणारे मी तीस वर्षांत चार पाहिले असतील."

मी उठून आत आले. बाबांना वाटलं, रडायला गेले. पाठीवरून हात फिरवायला मागोमाग आले. म्हणाले, "तुझ्या आईवर गेलीयस. सरळ."

नको होतं म्हणायला त्यांनी.

५ एप्रिल, शनिवार

उद्या निघायचं. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. वहीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्या खिडकीपाशी मीही गेले होते. जोडी तोडायचा फॉर्म भरून, सही करून. बंदराजवळच्या हॉस्पिटलात मुलांचा विभाग, एकटीचा अर्ज. मला भूल कधीच नको होती. लांब्याला हे बोललेही नव्हते.

बाई जेवायला गेल्या होत्या. वीस मिनिटं थांबले. मग वॉर्डातून फोन आला आणि पळत गेले. माझ्यानंतर थोड्याच वेळात तो पोचला असणार. मी परतले ती मन बदललं म्हणून नाही.

बाई जागेवर असत्या, तर आज त्याच्या घरी मी पत्र पाठवलं असतं, चार पानं, सगळं खरं खरं.

पाठवलं असतं का?