साडेबाराची खिडकी

बाबा, गेल्या रविवारी एजवेअरच्या हॉलमध्ये तुमच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. चहा, सामोसे आणि स्टेजवर तुमचा टाय लावलेला फोटो. एका वक्त्याने तुम्हाला सहृदय मुत्सद्दी म्हटलं, तेव्हा मला हसू आवरेना. परराष्ट्र खात्यात उभी हयात काढून तुम्ही कुणाला कधी नाही म्हणाला नाहीत आणि कुणाचं कामही केलं नाहीत. ‘बघू’ एवढ्या एका शब्दावर चार देश फिरलात, वर कथासंग्रह काढलेत. घरीही तेच. आईला चार दिवस नॉटिंगहॅमला बहिणीकडे जायचं होतं, तो विषय तिच्या शेवटपर्यंत विचाराधीनच राहिला.

मला तुमची गाजलेली कथा वाचायला सांगितली होती. मायदेशी आई गेल्याची तार घेऊन एक बाई शुक्रवारी वकिलातीतल्या व्हिसाच्या खिडकीशी येते. साडेबाराला खिडकी बंद होते. मग तरुण अधिकारी शिक्का मारलेला पासपोर्ट घेऊन तिच्यामागे बसस्टॉपपर्यंत धावतो. धावतो म्हणे. तुम्ही कधी बसमागेसुद्धा धावला नाहीत.

तो शुक्रवार मी पाहिलाय. कॉलेजला सुट्टी होती, मी खाली बाकावर तुमची वाट बघत बसलेय. बाई काचेला हात लावून उभी आहे. तुम्ही घड्याळ बघता, “सोमवारी या, बघू,” म्हणता आणि काच ओढून घेता. दुसऱ्या एका वकिलातीत जेवणाचं आमंत्रण आहे. संध्याकाळी आई पोळ्या लाटत असते आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून खुशीत सांगता, “आज एक कथा सापडली.” इतकी किळस मला तुमची पुन्हा कधी आली नाही.

रविवारी वाचन संपल्यावर काठी टेकत एक आजी माझ्याजवळ आल्या. “तुमच्या बाबांच्या स्टोरीतली बाई मी. एंड छान केलाय हां. मला व्हिसा मंडेला मिळाला, तोपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं.”

मी सॉरी म्हणाले.

“तुम्ही कशाला सॉरी? खिडकी काय तुम्ही बंद केलीत?”

घरी येऊन मी त्या कथेचा कच्चा खर्डा काढला. तुमचं अक्षर कुणाला लागायचं नाही, म्हणून तुमच्या कथा मीच फेअर करायची. खर्ड्यात कुणी धावत नाही. काच बंद होते, अधिकारी जेवायला जातो, कथा संपते. सगळ्या लिखाणात तेवढं एकदाच तुम्ही खरं लिहिलं होतंत. “असं वाचून लोक तुम्हाला काय म्हणतील?” असं तेव्हा मीच विचारलं होतं. “मग तूच बघ,” म्हणालात. बसस्टॉपचं ते पान माझं आहे, बाबा. रविवारी ते मीच वाचलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे पत्र त्या खर्ड्यातच ठेवून देतेय. आजींना यातलं काही सांगितलं नाही. जाताना त्यांनी नंबर दिला, एकदा फोन करा म्हणाल्या.

मी म्हणाले, बघू.