काळजाला बागेचा इलाज

१२ डिसेंबर १९३७, रविवार.
मला लिहायची मनाई आहे. म्हणून वही उशीखाली. महिनाभर अकोल्यात साडूकडे निजवून ठेवल्यावर काल घरी राजापेठेत आणलं. साडूकडेच जेवून उठताना छातीत पहार घातल्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणतात हार्ट. माझ्या मते साडूकडची वांगी. ठराव: संक्रांतीच्या आत बागेत उभा राहणार.

१५ डिसेंबर.
संत्र्याची बाग सध्या धाकट्या भावाच्या, उत्तमरावाच्या हाती. त्याला सूचना द्यायला बोलावलं. म्हणाला, दादा, तुमी नुसते जगा, बाग मी पाहून घेतो. नुसते म्हणजे काय? बाग मी लावली. रात्रभर हाच शब्द टोचत होता.

१९ डिसेंबर, रविवार.
अकोल्याचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, शिरेत रक्त तटलं तेव्हा हार्टच्या मसलचा एक तुकडा मेला. त्याच्या शेजारचा मेला नाही, उपाशी राहून गप्प पडला आहे. त्याच्या आतली शिदोरी संपली. रक्त आता मिळतंय, पण शिदोरी सावकाश भरते. तोवर त्याच्याकडून काम मागू नका. दूध, ग्लुकोज थोडं थोडं घ्या, पडून राहा.
हसू आलं. अहो, हे आम्ही माळी दर हिवाळ्यात करतो! आंबिया बहर हवा तर झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, बघणारा हळहळतो. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदतं. ताण अर्धवट सोडून घोट घोट पाजलं तर नुसती पालवी येते. हा डॉक्टर माझी पालवी करणार.
ठराव: आधी पुरता ताण, मग भरपूर पाणी.

२१ डिसेंबर.
दूध पिकदाणीत ओतलं. ग्लुकोजही. कुटुंबाला वाटतं मी शहाण्यासारखा पितो. तिला एवढा आनंद लग्नानंतर प्रथमच दिला.

२९ डिसेंबर.
उठून बसलो की डोळ्यांपुढे अंधारी. पानं मलूल व्हायला लागली. लक्षण उत्तम.

२ जानेवारी १९३८, रविवार.
डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. खाणंपिणं विचारलं. कुटुंब म्हणालं, सारं दूध पिऊन राहिले जी, मंग हे असे काहून वाळून राहिले? डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी छताकडे. सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण मग उत्तमराव हसला असता.

८ जानेवारी, सकाळ.
उत्तमराव आजच बागेत पाणी सोडणार असं कळलं. मला न विचारता! मग माझंही पाणी आजच. कुटुंब अंबादेवीला गेलं आहे. स्वयंपाकघरात रोडगे आहेत, तूप आहे. गड्याला टांगा आणायला पाठवलं. छाती जड आहे, ती उपाशी असल्यामुळे.

१६ जानेवारी.
थोडंच लिहितो. रोडगे पोटभर खाल्ले. बागेत गेलो. आळ्यात पाणी नीट जात नव्हतं (जात होतं). उत्तमरावाच्या हातून फावडं ओढून घेतलं. दोनदा मातीत मारलं. तिसऱ्यांदा फावड्यासकट आळ्यात पडलो.
डॉक्टर म्हणाले, जे गप्प पडलं होतं ते जागं होणार होतं. आता तेही गेलं.
कुटुंबाला पिकदाणीचं सांगितलं. ती उठून चुलीपाशी गेली. उत्तमराव मात्र रडला. म्हणाला, दादा, खंगल्या झाडाले आपून कधी ताण देतो काय? मी म्हटलं, नाही. ताण तेजीतल्या झाडालाच द्यायचा, हे त्याला मीच शिकवलं. भीती वाटते आहे. खूप वाटते आहे.

२३ जानेवारी.
तरी चूक पद्धतीची नव्हती. फावड्याची होती.

२० फेब्रुवारी.
आज मला कुशीवर वळवायला दोघं लागले. आधी खांदा, मग कंबर, असं मी त्यांना समजावून सांगितलं. सांगून झालं तेव्हा ते वळवून, पांघरूण घालून, बाहेर गेले होते.