चेनचा ट्रॅक्टर आणि दोन फळ्या

१२ ऑगस्ट, रविवार
आणला एकदाचा. मिसेस टाटरोंच्या गोठ्यामागे सत्तावीस वर्षं रासबेरीच्या जाळीत उभा होता. चेनचा ट्रॅक्टर, १९५१चा. चाकं नाहीत, रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे. पुढे बर्फ लोटायचं पातं. डाव्या पट्ट्यातून मनगटाएवढं बर्चचं झाड वर आलं होतं, ते आधी कापावं लागलं. मिसेस टाटरो म्हणाल्या, फुकट ने ल्युसिअन, फक्त परत आणू नकोस.

खालच्या शेतावरच्या ऑरिनने आपल्या ट्रेलरवर घालून आणून दिला. सबंध रस्ताभर एकच प्रश्न: इंजिन फिरतं का? म्हटलं, फिरेल. तो म्हणाला, हं.

माझी बायको थेल्मा दारातच होती. तिला म्हटलं, बघ, आपला प्रश्न सुटला. ती म्हणाली, आता दोन झाले.

१३ ऑगस्ट
प्रश्न लिहून ठेवतो, म्हणजे मार्चमध्ये वाचून हसता येईल. थेल्माला टेकडीवरचं घर सोडून खाली गावात, ज्येष्ठांच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचंय. कारण काय, तर गेल्या जानेवारीत ऑरिनचा बर्फ काढायचा ट्रक बिघडला, आपली वाट चार दिवस बंद राहिली आणि तिच्या बहिणीच्या साठीचं जेवण चुकलं. एका जेवणासाठी माणूस घर सोडतं का?

शेवटी करार झाला. मार्चच्या गावसभेपर्यंत वाट मी एकट्याने मोकळी ठेवायची. एक दिवस जरी ती अडकली तरी फ्लॅट. मी लगेच हात पुढे केला. एकतीस वर्षं याच डोंगरात टपाल वाटलंय, बर्फ मला काय शिकवणार?

१४ ऑगस्ट
निश्चय: रोज सहा तास काम. सप्टेंबरअखेर ट्रॅक्टर तयार.

२६ ऑगस्ट
बारा दिवसांत एकूण पाच तास काम झालं. पण विचार भरपूर केला. इंजिन जाम आहे. सिलिंडरमध्ये तेल ओतून ठेवलंय. आता मुरायला वेळ द्यायचा. घाई करणाऱ्यांनीच जुनी यंत्रं मोडली आहेत. सबब मासे धरायला गेलो.

९ सप्टेंबर, दुपारी ४.१०
चालू झालं! धुराड्यातून आधी उंदराचं घरटं उडालं, मग काळा धूर, मग असा आवाज की थेल्माच्या वाळत घातलेल्या चादरी... त्या ती पुन्हा धुणार आहे.

१० सप्टेंबर
बारीकशी अडचण. ट्रॅक्टर फक्त डावीकडे वळतो. उजवा क्लच गंजून धरलाय. तशी फार गैरसोय नाही. उजवीकडे जायचं तर तीनदा डावीकडे वळायचं. थेल्मा म्हणाली, तुम्ही दोघं सारखेच, एकदा एका बाजूला वळलात की वळलात.

७ ऑक्टोबर
उजवा क्लच सुटला. (डिझेल, हातोडी, शिव्या.) मेपलची लाल पानं बघायला आलेलं एक जोडपं गाडी थांबवून ट्रॅक्टरचे फोटो काढत होतं. पानांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेल्माला हाक मारून दाखवलं.

८ ऑक्टोबर
ऑरिनला सांगून टाकलं की यंदा आमच्या वाटेवर यायची गरज नाही. बावीस वर्षं आलास, आता आराम कर. तो म्हणाला, बरं. जाताना म्हणाला, थंडीत ट्रॅक्टर फळ्यांवर उभा करत जा. म्हटलं, मला माहीत आहे. चेनचे पट्टे चिखलात ठेवले की जमिनीसकट गोठतात, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यासाठी ओकच्या दोन जाड फळ्या मी ऑगस्टमध्येच काढून ठेवल्यात. ऑरिन म्हणजे उंटावरचा शहाणा.

२१ ऑक्टोबर
आता सजावट. नुसतं यंत्र कुणीही चालवील, घरच्या वापराचं म्हटलं की घरासारखं हवं. भंगारातल्या एका मोटारीची गरम होणारी सीट बसवली. कॉफीचा कप ठेवायला कडं केलं. आणि मुख्य कल्पना: केबिन! गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना बसायची माझी लाकडी खोपी अंगणात पडूनच आहे. ती उचलून ट्रॅक्टरवर बसवायची. खिडकी आहे, टोपी अडकवायला खिळा आहे. थेल्मा म्हणाली, त्यात माशांचा वास आहे. वारा लागला की जाईल.

४ नोव्हेंबर
खोपी चढवली. तळ कुजला होता, पाय आरपार गेला. सुदैवाने ओकच्या दोन फळ्या हाताशी होत्या. मापात अशा बसल्या की जणू त्याच कामासाठी ठेवल्या होत्या. काय दिसतो! बोलाफुलाला गाठ पडते ती अशी.

५ नोव्हेंबर
आमच्या गोठ्याचं दार आठ फूट उंच. दार मोजलं होतं. खोपीही मोजली होती, पाच फूट. ती जमिनीवर नसून ट्रॅक्टरवर असणार, हे मोजायचं राहिलं. एकूण सव्वानऊ.
म्हणजे ट्रॅक्टर बाहेरच राहणार. तसं ते सोयीचंच आहे. बर्फ पडला की दार उघडण्यात वेळ जायला नको.

१८ नोव्हेंबर
ऑरिन येऊन बघून गेला. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. फळ्या? म्हणाला. आत आहेत, म्हटलं. खोटं बोललो नाही.
नव्या फळ्या आणायच्या. यादीत लिहिलं. पहिल्या नंबरावर.

२१ नोव्हेंबर, बुधवार
दिवसभर पाऊस. वाटेचा नुसता रबडा. उद्या थँक्सगिव्हिंग. थेल्माची बहीण ओडेट येणार. पाहुण्यांना येतानाच ट्रॅक्टर दिसावा म्हणून वाटेच्या अरुंद जागी नेऊन उभा केला, दगडी बांध आणि मोठा मेपल यांच्या मधोमध. अगदी वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखा. उद्या सकाळी ओडेटला एक चक्कर मारून आणतो, मग गाड्यांना जागा करून देऊ. फळ्या शुक्रवारी आणीन.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
पहाटे उणे वीस. इतक्या लवकर एवढी थंडी कुणालाही आठवत नाही, तेव्हा यात माझा दोष नाही.
इंजिन पहिल्या झटक्याला चालू झालं, याची नोंद व्हावी. पट्टे हलले नाहीत. जोर लावला तर जळका वास आला. ओडेटची गाडी खाली, आमची वर, मध्ये मी. ओडेट नवे बूट घालून भोपळ्याचं गोड सारण भरलेले दोन पाय-केक हातात घेऊन चढ चढून आली. एकच पोचला.
टर्की छान झाली होती.

२५ नोव्हेंबर
उपाय १: मीठ. काही नाही.
उपाय २: बादल्या भरून गरम पाणी. हे करू नये. आता बर्फ दुप्पट आहे.
उपाय ३: थेल्माचं केस वाळवायचं यंत्र. तेही गेलं.
ऑरिनला विचारलं, कधी सुटेल? तो म्हणाला, एप्रिल. म्हटलं, ओढून काढू का? तो म्हणाला, पट्टा तुटेल.

२८ नोव्हेंबर
चौदा इंच बर्फ. करार मोडला, असं थेल्माचं म्हणणं. माझं म्हणणं, ती अडकलेली नाही. चालत जाऊ शकते. तिने बूट चढवले आणि लायब्ररीला चालत गेली. येताना तासभर लागला.

१३ जानेवारी
घसरगाडीवरून किराणा आणतो. दोर मी ओढतो, थेल्मा मागून अंड्यांवर लक्ष ठेवते. व्यायाम उत्तम होतो. माझं वजन तीन किलो उतरलं. हे ट्रॅक्टरमुळेच, पण श्रेय कोण देतो.
परवा थोडी ऊब आली होती. वरचा इंचभर चिखल सुटला, मी धावत किल्ली घेऊन जाईपर्यंत परत गोठला.

१० फेब्रुवारी
थेल्मा आज वाटेवर पडली. काही मोडलं नाही, ढोपर सुजलं. ऑरिनने पाहिलं आणि तो तिला आपल्या स्नोमोबाइलवरून डॉक्टरकडे घेऊन गेला. मी खोपीत जाऊन बसलो. गरम सीट लावली नाही. फार वाईट वाटलं. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

५ मार्च, मंगळवार. गावसभा
शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव. रस्त्यांचा विषय झाला, मग जेवण, मग इतर विषय. दर वर्षी तळ्याच्या बर्फावर सिमेंटचा ठोकळा ठेवून तो कुठल्या दिवशी बुडेल याची तिकिटं लायब्ररीसाठी विकतात. यंदा ठराव आला की ठोकळ्याऐवजी ल्युसिअनचा ट्रॅक्टर घ्यावा. जो सुटायची बरोबर तारीख सांगेल त्याला एक गॅलन मेपल सिरप. विरोधात कोण, असं विचारल्यावर मी एकट्याने हात वर केला. थेल्माने बाजूने आणि विरोधात, दोन्ही वेळा हात खालीच ठेवला.
बाहेर पडताना तिने तिकीट घेतलं. आणि फ्लॅटच्या कागदावर सही केली. मी पेन दिलं. शब्द तो शब्द.

२० मार्च
एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ट्रॅक्टर मध्ये असेपर्यंत सामानाचा ट्रक वर येऊच शकत नाही! फ्लॅटवाल्यांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली. म्हणजे पाहिलं तर ट्रॅक्टरनेच घर धरून ठेवलंय. थेल्माला हे समजावलं. ती ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. म्हणाली, मोठी कढई कुठल्या खोक्यात घातलीस?

१४ एप्रिल, रविवार, दुपारी २.४०
सुटला. एक झटका, आणि गडी चालू लागला. डावीकडे, उजवीकडे, जसा म्हणाल तसा. खोपीत बसून मोठ्याने गाणं म्हटलं.
सिरप थेल्माला मिळालं. तिच्या तिकिटावर होतं: १४ एप्रिल, दुपारी अडीच. विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, मेपलच्या सावलीतली ती जागा सगळ्यात शेवटी सुटते. चव्वेचाळीस वर्षं माझे बूट तिथेच रुततात. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.
खरंच विचारलं नाही कधी.

२० एप्रिल, शनिवार
सामानाचा ट्रक आला आणि टेकडीच्या पायथ्याशीच आसांपर्यंत बुडाला. चिखलाच्या दिवसांत इथे चाकांचं काही वर चढत नाही. माझा चढतो. मागे ऑरिनची घसरगाडी बांधली आणि पलंग, कपाटं, खोकी, सगळं खाली आणलं. नऊ खेपा. पट्ट्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. आपलंच बिऱ्हाड आपणच इतक्या झोकात हलवलेलं गावाने पाहिलं नव्हतं. दोघं-तिघं टाळ्या वाजवत होते. मी हात केला.

शेवटच्या खेपेला थेल्मा माझ्याजवळ खोपीत बसली. सीट गरम केली, कड्यात कॉफी ठेवली. वळणावर घर दिसेनासं झालं तेव्हा ती म्हणाली, सीट चांगली आहे रे. वाटेत बऱ्याच वेळाने म्हणाली, माशांचा वास मात्र आहे.

गावातल्या डांबरी रस्त्यावर लोखंडी पट्टे चालत नाहीत. ऑरिनच्या शेताच्या कडेला थांबलो. फ्लॅटपर्यंतचे शेवटची दोनशे पावलं ती पुढे, मी मागे, हातात तिची खुर्ची. अंगणातला बर्फ इथे कोण काढतं म्हणून विचारलं. कंत्राट ऑरिनकडे आहे म्हणे.

संध्याकाळी शेतावर परत गेलो. खोपीच्या तळातल्या ओकच्या दोन्ही फळ्या उपसल्या, ट्रॅक्टरपुढे टाकल्या आणि त्याला अलगद वर चढवून उभा केला. हवा इतकी उबदार होती की कोट काढावा लागला. ऑरिन कुंपणाशी उभा राहून बघत होता. तो ‘हं’सुद्धा म्हणाला नाही.