फुटत्या बर्फाचं गणित

योएनसू,
१८ जुलै २०२३

तार्मोस,
न. वि. वि.

(सुरुवातीचा ‘स’ मुद्दाम गाळला आहे. सप्रेम म्हणावं असं आज माझ्याकडे काही शिल्लक नाही.)

तुझे फोन येताना दिसतात. मी उचलणार नाही. फोनवर तू मधेच बोलतोस आणि शेवटी मीच तुझी समजूत काढत बसते. पत्रात तुला माझं सगळं ऐकून घ्यावं लागेल.

शनिवारी दुपारी कोउवोलाच्या त्या क्रीडागृहात मी सातव्या रांगेत बसले होते. चष्म्याच्या दुकानातून रजा घेऊन, चार तास गाडी चालवत आले होते. वीस महिने मी त्या शेडरवर घालवले. पडद्यावरच्या एकेका ठिपक्याला त्याचा रंग सांगणारं ते गणित चार किलोबाइटात, म्हणजे या पत्राएवढ्या जागेत, कोंबलं. दिवे मंद झाले, एकामागून एक प्रवेशिका पडद्यावर आल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि स्पर्धा संपली. माझी प्रवेशिका आलीच नाही.

मी आयोजकांच्या टेबलाशी गेले. तिथल्या पोरीने यादी पाहिली आणि आवाज खाली आणून सांगितलं की ती बाद झाली, चोरीचं काम आहे. बर्फ फुटण्याचं गणित तुमच्या ‘कोहवा’ गटाच्या १९९८च्या डेमोतून, म्हणजे संगणकाने जागच्या जागी काढलेल्या त्या हलत्या चित्रांतून, जसंच्या तसं उचललंय, असं परीक्षकांनी ठरवलं. वर तिने मला समजावलं की नव्या माणसांकडून असं होतं, वाईट वाटून घेऊ नका.

भिंतीवर परीक्षकांची पाच नावं लावली होती. पाचवं तुझं, माझ्या सख्ख्या भावाचं.

त्या पोरीने विचारलं, तुमच्याकडे काही पुरावा आहे का. पुरावा पाचव्या खुर्चीवर बसला होता आणि मागच्या दाराने निघून गेला होता. मी तुझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही ते माझं मलाच कळत नाही, आणि त्याचाही राग तुझ्यावरच आहे.

लोभाबद्दल नंतर बघू.

विर्वे

*

ताम्पेरे,
२४ जुलै २०२३

प्रिय विर्वे,
स. न. वि. वि.

(माझा ‘स’ जागेवर आहे.)

परीक्षकांना नावं दिसत नाहीत हे तुला ठाऊक आहे. त्या बंद खोलीत बावीस प्रवेशिका पाहिल्या. चौदावी तुझी होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दाढीवाल्या परीक्षकानेच आमचा जुना डेमो काढून शेजारी लावला आणि म्हणाला की भेग दोन्हीकडे एकाच जागी थबकते आणि एकाच बाजूला वळते. सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. माझ्या घरी चोरी झाली म्हणून! एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी तोंड कसं उघडायचं ते तूच सांग.

आणि तूही काही कमी नाहीस. वीस महिन्यांत एकदा तरी म्हणालीस का, की मी स्पर्धेत उतरतेय? मला आधी कळलं असतं तर मी परीक्षक झालोच नसतो.

आता कडू बोलतोयस असं म्हणशील, म्हण. त्या वेळी तू आठ पानं गणित लिहून दिलंस. ते त्या काळच्या मरतुकड्या यंत्रावर पळवायला मी चार महिने यंत्रभाषेत डोकं फोडलं. तुझ्या पानांवरचा बर्फ मिनिटाला एक चित्र काढत होता. तो हलता केला मी. आणि नाव नको असं तू स्वतः म्हणाली होतीस. तुझे शब्द आहेत, मी बनवलेले नाहीत.

पत्राची वाट पाहतो. फोनची जास्त.

तुझा,
तार्मो

*

योएनसू,
१ ऑगस्ट २०२३

तार्मोस,
न. वि. वि.

वा रे वा! माझे शब्द पंचवीस वर्षं जपून ठेवलेस, पण त्याच्या आदल्या मिनिटाला तू काय म्हणाला होतास ते मात्र नेमकं हरवलं? मग मी सांगते. तू म्हणालास की गटातल्या मुलांना कळलं की गणित बहिणीने करून दिलंय तर ती हसतील, मला गटातून काढतील. त्यावर मी दार आपटलं आणि म्हणाले, नको घालू जा माझं नाव. एकोणीस वर्षांची होते मी. ती परवानगी नव्हती, ते रडू होतं. तुला तेव्हाही फरक कळला होता.

यंत्रभाषेतले चार महिने तुझेच. ते मी कधी नाकारले? पण त्या आठ पानांसाठी मी दोन वसंत लिएक्साच्या नदीकाठी वही घेऊन बसले होते. बर्फ सरळ फुटत नाही, थबकतो, मग पाण्याच्या ओढीकडे वळतो, हे मी पाहिलं होतं. तू तेव्हा खोलीत पडदे लावून बसायचास. आणि आता माझ्याच पाहण्याची चोर मी? खांद्यावर हात ठेवून घेतलास, तार्मो! तो हात तुला भाजला कसा नाही?

कधी सांगितलं नाहीस, म्हणे. कारण मला एकदा तरी तुझ्या सावलीबाहेर उभं राहून बघायचं होतं. बघितलं.

आता ऐक. सात ऑक्टोबरला तुमच्या ताम्पेरेतच, जुन्या सूतगिरणीच्या दालनात शेडरची झुंज आहे. दोघांनी मंचावर बसायचं, कोऱ्या पडद्यापासून सुरू करायचं, पंचवीस मिनिटं, सगळ्यांदेखत. आयतं काही आणायचं नाही. मी नाव दिलंय, टोपणनाव नाही, पूर्ण नाव. पडद्यावर माझा एकेक आकडा उमटताना लोक बघतील. मग कुणी विचारू दे पुरावा.

तू ये नाहीतर नको येऊस.

विर्वे

*

लिएक्सा,
२० ऑगस्ट २०२३

चि. तार्मो व चि. विर्वे यांस,
अनेक आशीर्वाद.

हे एकच पत्र दोनदा लिहून दोघांना पाठवते आहे, म्हणजे तिला काय लिहिलं, त्याला काय लिहिलं असं कुणी विचारायला नको. माझं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच आहे. या वर्षी दलदलीत लक्काची पिवळी फळं भरभरून आली आणि ती खुडायला माझ्या दोन धडधाकट मुलांपैकी एकही आलं नाही. शेजारच्या टाउनोने बादलीभर आणून दिली. मला लाज वाटली.

विर्वे, तू मला सगळं सांगितलंस. तार्मो, तू मला निम्मं सांगितलंस. निम्म्यातसुद्धा तुझा दोष दिसतो, तेव्हा पुऱ्यात किती असेल!

मला त्या शेडरमधलं काही कळत नाही. पण माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर काय चालायचं ते मला कळतं. आठ पानं विर्वेने तिथे लिहिली, चौकटीच्या कागदावर, पेन्सिलने. मी त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं तर माझ्यावर ओरडली होती.

आता मला जे बोलायचं आहे ते तुमच्यापैकी कुणी बोललेलं नाही. तार्मोला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा पेपरवाला घरी आला होता. मी वेलचीचे पाव भाजले, नवा झगा घातला. त्याने विचारलं, कुणी केलं हे, आणि मी म्हणाले, आमच्या तार्मोने. विर्वे त्याच खोलीत होती. फोटोत धुण्याचा स्टँड येत होता म्हणून मी तिला तो उचलून बाहेर न्यायला सांगितलं. तिने नेला आणि परत आत आली नाही. मला माहीत होतं, पोरी. मला वाटलं, मुलाला पुढे त्याचा उपयोग होईल, तुझं काय, तुझं होईल कसंही.

तेव्हा तार्मोवर ओरडताना थोडं माझ्यासाठीही राखून ठेव.

तार्मो, तू तोंड उघड. कसं ते मला विचारू नकोस, सत्तेचाळीस वर्षांचा आहेस.

तुमची,
आई

*

ताम्पेरे,
९ ऑक्टोबर २०२३

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं तोंड उघडलं. आता विर्वे माझ्याशी आधीपेक्षाही कमी बोलते आहे, म्हणून घडलं ते तुला लिहितो.

झुंजीचं समालोचन करायला त्यांनी मलाच बोलावलं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो नाही. दालन गच्च भरलं होतं, तीनशे माणसं तरी असतील. विर्वेसमोर एस्किल नावाचा नॉर्वेचा गडी होता, हसरा, या खेळात मुरलेला. घंटा झाल्यावर दोन मिनिटांत त्याच्या पडद्यावर रंगीत बोगदे फिरायला लागले आणि लोक ताल धरून टाळ्या वाजवू लागले.

विर्वेचा पडदा काळा. पाच मिनिटं काळा, आठ मिनिटं काळा. ती दोन बोटांनी टाइप करते, तुला माहीत आहे. लोक चुळबुळायला लागले, पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की बाई झोपल्या वाटतं. माझ्या बाजूचा समालोचक विनोद करत होता.

मग नदी आली. आधी नुसता पांढरा पृष्ठभाग, खालून मंद हिरवा उजेड. एक भेग निघाली, थबकली, वळली. आई, ती १९९८ची नव्हती. ती कितीतरी पुढची होती. बर्फाच्या कडेवर उजेड मोडत होता, तुकडे एकमेकांवर चढत होते. मागून कुणीतरी ओरडलं, कोहवा! आणि शेजारच्याने माइकवर मला विचारलं की अरे, हे तर तुझं जुनं काम, नाही का.

मी म्हणालो, माझं नाही, तिचं आहे. मग मला थांबता येईना. आठ पानं, आपलं टेबल, ती उन्हाळ्यातली परीक्षकांची खोली, खांद्यावरचा हात, सगळं सांगितलं. माझा आवाज फुटला. संगीतवाल्याने संगीत बंद केलं. मान वर करून सगळे माझ्याकडे बघत होते.

विर्वेने एकदाही वर पाहिलं नाही. टाइप करत राहिली. घंटा झाली, मतं घेतली, एस्किल जिंकला. तो तिच्याशी हात मिळवायला गेला आणि म्हणाला की हे बरोबर झालं नाही. ती त्याच्याशी छान बोलली. माझ्यासमोरून कोट घेऊन निघून गेली.

मी खरं बोललो तरी असं का झालं, हे तू तिला विचारशील का?

तुझा,
तार्मो

*

योएनसू,
१४ ऑक्टोबर २०२३

तार्मोस,
न. वि. वि.

आईचा फोन आला होता. का झालं ते तिला विचारायला सांगतोस? मला विचार.

माझ्याकडे पंचवीस मिनिटं होती. त्यातली शेवटची नऊ तू घेतलीस. त्याच नऊ मिनिटांत मी वाऱ्याने बर्फावरून उडणारा भुगा लिहिला, जो मी याआधी कुणालाच दाखवला नव्हता. कुणी पाहिला तो? लोक तुझा चेहरा पाहत होते. मी नदी फोडत होते आणि तीनशे माणसं तुझ्या डोळ्यांतलं पाणी बघत होती! चोरी केलीस तेव्हा तू मंचावर, कबुली दिलीस तेव्हाही तूच मंचावर.

मी हरले याचं मला काही नाही. एस्किल चांगला आहे. पण मला हरायचं होतं तर माझ्या कामावर हरायचं होतं.

तुला ऑगस्टमध्ये आयोजकांना चार ओळींचं पत्र लिहिता आलं असतं. कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या, म्हणून सुचलं नाही.

आता भाषण नको, माफी नको, आईमार्फत निरोप नकोत. इंटरनेटवर जुन्या कामांचा जो संग्रह आहे तिथे जाऊन त्या डेमोची नोंद दुरुस्त कर. कोउवोलाच्या परीक्षकांना लिही. आणि मग गप्प बस. हे तुला अवघड जाईल, माहीत आहे.

विर्वे

*

ताम्पेरे,
३० ऑक्टोबर २०२३

प्रिय विर्वे,
स. न. वि. वि.

दोन्ही केलं. कोउवोलावाल्यांनी बाद केल्याचा शेरा काढून टाकला, ते तुला स्वतंत्र लिहिणार आहेत आणि तुझं काम पुढच्या जुलैत उद्घाटनाला दाखवू म्हणतात. दाढीवाला परीक्षक माझ्याशी बोलत नाही. जुन्या गटातल्या दोघांनी मला गटाच्या यादीतून काढलं. तक्रार करत नाही, कळवतो आहे.

संग्रहातल्या नोंदीत आता फक्त तुझं नाव आहे. माझं काढून टाकलं. तेच योग्य.

अजून काही लिहीत नाही. तू गप्प बस म्हणालीस.

तार्मो

*

योएनसू,
४ नोव्हेंबर २०२३

तार्मोस,
न. वि. वि.

तुला एक काम धड करता येत नाही का?

संग्रह उघडून पाहिला. संपूर्ण डेमो, विर्वे पीराइनेन. संपूर्ण! म्हणजे त्या मरतुकड्या यंत्रावर सेकंदाला पंचवीस चित्रं मी पळवली का? मला यंत्रभाषेतली एक ओळ वाचता येत नाही. चार महिने तू जेवणाचं ताट खोलीत नेत होतास, डोळे लाल करून बाहेर येत होतास, आणि एका सकाळी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलंस आणि माझा बर्फ माझ्यासमोर हलला. ते तू केलंस. त्या दिवसाइतकं सुंदर मी नंतर फार कमी पाहिलं आहे. ते माझ्या नावावर टाकून तू मला चोर करतोस. एका वर्षात दुसऱ्यांदा!

आजच्या आज नोंद बदल. गणित आणि चित्र: विर्वे पीराइनेन. यंत्रभाषा: तार्मो पीराइनेन. माझं नाव आधी. एक शब्द जास्त नको, एक कमी नको.

झालं की कळव. फोन केलास तरी चालेल, पण मधे बोलायचं नाही.

विर्वे