पट्टीऐवजी पंजा

ती. ताई,

एका हाताचा नमस्कार गोड मानून घे. दुसरा विज्ञानाच्या कामी आला. बाकी मी मजेत आहे, अक्षर तेवढं डाव्या हाताचं आहे.

दर रविवारी आम्ही हौशी मंडळी किनाऱ्यावर वाहून आलेल्या जेलीफिशचे फोटो काढून शास्त्रज्ञ बाईंना पाठवतो. आकार कळावा म्हणून शेजारी पट्टी ठेवायची असते. माझी हरवली, म्हणून बाईंनी एकदाच माझा पंजा मोजून घेतला आणि मी तोच ठेवू लागलो.

मेलेल्या जेलीफिशचे धागे वाळूत दिसत नाहीत, पण डसतात. पंजा हळूहळू सुजत गेला. तिकडे बाईंनी शोध लावला, की इथले जेलीफिश लहान होत चालले आहेत! सभा भरली. टाळ्या वाजवायला मी हात वर केला, तेव्हा तो सगळ्यांना दिसला.

"काय हो केलंत हे, काका!" बाई रडवेल्या झाल्या. मला वाटलं, माझ्या काळजीने.

दोन बोटं आता वळायची नाहीत. कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची माझी कात्री दुसऱ्याला दिली. आईला एवढंच सांग, की मला सुट्टी मिळाली. तिचा गुडघा कसा आहे?

काल बाईंचा फोन आला. पंजा किती वेगाने सुजतो ते कळलं, तर जुने फोटो दुरुस्त करता येतील. "तेवढा डावा द्याल ना, काका?"

इतक्या गोडीने इथे मला कुणी काही मागितलं नव्हतं. रविवारी जातो आहे. म्हणून पत्र आजच लिहून टाकलं.

तुझा,
बारक्या