बाबा सांगतील ते

एल्सवेल्ड
१२ जून १९७८

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

आईने पाठवलेले मटार पोचले. निम्मे शिजायच्या आधीच छोट्या क्राइनने फस्त केले. तुमचं नाव ठेवलंय तेव्हा हट्टही तुमचाच असणार, असं दिंगमन म्हणतो. तानीला आता खालचे दोन दात आलेत आणि ते ती माझ्याच बोटावर धारदार करते.

बाबा, हे सगळं लिहितेय ते मुद्द्याला हात घालायचा धीर होत नाही म्हणून. आमच्या शेजारी एव्हर्ट राहतो, आमच्याच चर्चच्या मंडळीतला. त्याच्या हेंड्रिकला पोलिओ झालाय. मुलगा सात वर्षांचा. रविवारी उपासनेत माझ्या मागच्याच बाकावर बसून पाय हलवत होता, मी वळून डोळे वटारले होते. आता त्याचा एक पाय हलतच नाही. आजूबाजूच्या गावांतूनही अशाच बातम्या येताहेत, आणि सगळ्या आपल्यासारख्याच घरांतून, जिथे लस घेत नाहीत तिथून.

आरोग्य खात्याचे लोक शाळेत टेबलं मांडून बसलेत. सुई नाही, साखरेच्या खड्यावर औषधाचे थेंब घालून देतात. काही जण जातात, काही जण पडदे ओढून घरात बसतात. मला जायचंय. दिंगमन नको म्हणत नाही आणि हो म्हणत नाही. देवाने आजार धाडायचा ठरवला असेल तर आपण मध्ये आडवं पडणारे कोण, असं त्याचं चाललंय. मी त्याला म्हटलं की आपल्या शेडमधल्या हजारो कोंबड्यांना तू पाण्यातून मानमोडीची लस देतोस, तेव्हा कुठे जातो हा विचार? तर म्हणाला, कोंबड्यांना आत्मा नसतो.

शेवटी त्याने एकच सांगितलं: तुझ्या बाबांना विचार, बाबा सांगतील ते. लहानपणी तुमच्याकडे धर्मशिक्षणाला यायचा, अजूनही तुम्ही छडी घेऊन समोर उभे आहात असंच त्याला वाटतं.

तेव्हा बाबा, सांगा. पोरांना घेऊन शाळेत जाऊ की नको? लवकर लिहा. आईला गोड पापा. लोभ आहेच, तो या प्रश्नाने पातळ होऊ देऊ नका.

तुमची
मिना

*

औडेक्रेक
१६ जून १९७८

चि. मिनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तुझी आई म्हणत होती, फोन करा. फोन गुरांच्या डॉक्टरला बोलवायला आणि कुणी गेल्याचं कळवायला ठीक आहे. असल्या गोष्टी तारेवरून ओरडून बोलायच्या नसतात.

हेंड्रिकसाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. एव्हर्टला माझा नमस्कार सांग.

आपण काय मानतो ते तुला पाठ आहे. सुकाळ-दुष्काळ, आजार आणि आरोग्य, काहीच आपोआप घडत नाही, सगळं स्वर्गातल्या बापाच्या हातून येतं. माणूस स्वतःच्या बळावर त्याच्याकडे एक पाऊलही टाकू शकत नाही. आपल्या वाडवडिलांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी डॉर्डरेख्तच्या धर्मसभेत यासाठी भांडण मांडलं, ते उगीच नव्हे. माझ्या वडिलांनी लस घेतली नाही, मी तुम्हा भावंडांना दिली नाही. धडधाकट शरीरात आजाराचं बी सोडायचं आणि म्हणायचं आता मी सुरक्षित झालो, यात मला देवावरचा अविश्वास दिसत आलाय.

एवढं लिहून झाल्यावर पुढची ओळ ‘म्हणून जाऊ नकोस’ अशी असायला हवी. ती लिहायला मी दोन दिवस बसतोय. हात चालत नाही, मिना.

मी तिथे नाही. तू त्यांची आई आहेस. प्रार्थना कर, आणि मग तुझ्या मनाला जे पटेल ते कर. तू काहीही केलंस तरी मी तुला दोष देणार नाही. दिंगमनला सांग की मी त्याच्या घरातला न्यायाधीश नव्हे.

इकडे बटाटे बरे आहेत. पावसाने ओल चांगली धरलीय. पोरांना माझे आशीर्वाद. म्हाताऱ्याला समजून घे.

तुझा
बाबा

*

एल्सवेल्ड
२० जून १९७८

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, मग चिडले, आता पुन्हा चिडूनच लिहितेय. माफ करा.

माणसाची इच्छा पापाने बांधलेली आहे, स्वतःहून तिला चांगलं निवडता येत नाही, हे तुम्ही आम्हाला कळत नव्हतं तेव्हापासून शिकवलंत. आणि आता, आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर काही निवडायची वेळ आली, तर तेवढी एक गोष्ट मोकळी करून माझ्या ओटीत टाकलीत? मनाला पटेल ते कर म्हणे! माझ्या मनावर भरवसा ठेवू नये हे तुमच्याचकडून शिकले ना मी?

मी औषध दिलं आणि पोरांना काही झालं, तर देवाला आव्हान दिल्याची शिक्षा म्हणेन. नाही दिलं आणि काही झालं, तर... ते मला लिहवत नाही. दोन्हीकडून मीच. तुम्ही म्हणता दोष देणार नाही. मला दोष नको आणि माफीही नको, मला कुणीतरी सोबत उभं राहायला हवंय.

दिंगमनला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाबांनी काहीच सांगितलं नाही, म्हणजे नकोच असणार. आणि अंडी गोळा करायला निघून गेला. पाहिलंत? तुमच्या न बोलण्यातूनही त्याने हुकूम काढलाच.

हेंड्रिकला अर्नेमच्या इस्पितळात नेलंय. त्याची आई आमच्या कुंपणापाशी येऊन उभी राहते. तानीकडे बघत राहते. मी काय करू तिच्यासमोर?

रागात लिहिलंय, पण पाठवतेय. माया असेल तितकी राहू द्या.

मिना

*

औडेक्रेक
२३ जून १९७८

चि. मिनास,
तुझ्या आईचे आशीर्वाद.

हे पत्र तुझे बाबा गोठ्यात असताना लिहितेय, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

तुझं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं. जेवायला बसले तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. तुला ठाऊक आहे, पूर आला त्या सालीसुद्धा हा माणूस दुसऱ्यांदा वाढून घेत होता. मग पाळकसाहेबांकडे गेले. साहेबांनी सांगितलं म्हणे की शिकवण स्पष्ट आहे, मुलीला स्पष्ट लिहा, नको म्हणून. घरी येऊन मला एवढंच म्हणाले की साहेबांना मूलबाळ नाही. मग समुद्राच्या बांधावर फिरायला गेले. रोज जातात. त्यांच्यासोबत ज्येष्ठांच्या बाकावर बसणारा लेनडर्ट खेलुक मला विचारत होता की क्राइनचं समुद्रात काही हरवलंय का.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी शाळेत जा म्हणाले असते. पण आपल्या घरात आईला मटार मागतात आणि बाबांना देवाचं विचारतात. असो. उगीच टोचत नाही.

आज सकाळी त्यांनी काळे बूट पुसायला काढले. कुणाची मयत आहे, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मग उद्याच्या गाडीने एल्सवेल्डला निघतोय म्हणाले. काय सांगायला जाताय, असं विचारलं तर म्हणाले की अजून माहीत नाही, वाटेत कळेल.

मिना, लग्नानंतर हा माणूस बेर्गन शहराच्या पुढे गेलेला नाही. स्टेशनवर घ्यायला जा. त्यांच्यासोबत आपले दालचिनीचे गोड पाव, बोलस, देतेय, वाटेत सगळे संपवले नाहीत तर तुम्हाला मिळतील. माझ्या पिलांना घट्ट धरून ठेव.

तुझी
आई

*

एल्सवेल्ड
३० जून १९७८

ती. आईस,
स. न. वि. वि.

पोर बरं आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल. फोनवर मी धड बोललेच नाही, म्हणून सगळं लिहितेय.

तुझं पत्र यायच्या आधीच, शनिवारी पहाटे क्राइनला ताप भरला. मान वळवता येईना. वळवायला गेलं की किंचाळायचा. डॉक्टरांनी बघितलं आणि तसंच उट्रेख्तच्या इस्पितळात धाडलं. तानी शेजारी ठेवली, हेंड्रिकच्या आईकडेच. दुसरं कुणी सुचलं नाही, आणि तिने हात पुढे केले.

बाबा स्टेशनवर उतरले तेव्हा घ्यायला कुणीच नव्हतं. चालत घरी आले. कुलूप. शेजारणीने सांगितलं तसे पुन्हा चालत स्टेशनवर गेले आणि उट्रेख्तला आले. इस्पितळाच्या लांबलचक पॅसेजमध्ये मला समोरून तो काळा कोट दिसला, हातात तुझी बोलसची पिशवी, आणि मी लहान पोरीसारखी पळत सुटले.

छोट्या क्राइनच्या पाठीतलं पाणी काढून तपासायला नेलं होतं. मला आणि दिंगमनला दोन्ही बाजूंना घेऊन बाबा बाकावर बसले. दिंगमनने विचारलं की बाबा, यात देवाची इच्छा काय आहे. आई, मला वाटलं आता प्रवचन येणार. बाबा म्हणाले, मला माहीत नाही. मग म्हणाले, एवढंच माहीत आहे की मी तुम्हाला पोरांना ते औषध द्या असं सांगायला आलो, आणि मला उशीर झाला. असं म्हणून त्यांनी दिंगमनचा हात धरला. बाबांनी कुणाचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता.

रविवार तसाच गेला. संध्याकाळी विश्वचषकाची अंतिम लढत होती, सगळे नर्सांच्या खोलीतल्या रेडिओभोवती. दिंगमन त्या दारापाशी तीनदा पाणी प्यायला गेला. बाबा डोळे मिटून बसले होते. पण आपला संघ हरला हे त्यांनाच आधी कळलं, कसं ते त्यांनाच विचार.

सोमवारी डॉक्टर आले. पोलिओ नाही. कानात पू झाला होता, मानेतली गाठ सुजली होती, ताप त्याचाच. दिंगमन त्या चकचकीत फरशीवर गुडघे टेकून रडला, आणि येणारेजाणारे वळसा घालून गेले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बुधवारी घरी आलो. दिंगमनचा चेहरा उजळलेला. म्हणाला, बघा, देवाने औषधावाचून राखलं, हेच उत्तर आहे, आता शाळेत जायची गरज नाही. बाबा बोलस खात होते. तो खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की अरे बाबा, त्याने राखलं, त्याचे आभार मान. पण तेच पुन्हा करून दाखव म्हणून पोराला परत त्याच्यासमोर धरू नकोस. याला विश्वास म्हणत नाहीत, याला अडून बसणं म्हणतात.

दिंगमनने विचारलं की हे तुम्ही सांगताय, की हे असंच व्हायचं ठरलेलं होतं. बाबा म्हणाले, मी सांगतोय. आणि ठरलेलंही असेल. उद्या सकाळी टोपी घालून तयार राहा.

गुरुवारी सगळे गेलो. तानीला थेंब थेट जिभेवर दिले, तिला दिंगमनने घेतलं होतं. क्राइनने खडा चघळला आणि दुसरा मागितला. रांगेत आमच्या मंडळीतली तीन घरं होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाबांनी मात्र प्रत्येकाला नावाने नमस्कार घातला.

हेंड्रिकच्या पायाची बोटं हलायला लागलीत. पूर्ण बरा होईल का, डॉक्टर सांगत नाहीत. बाबा जाण्याआधी त्याच्या आईकडे तासभर बसून आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही.

आई, पुढच्या वेळी देवाचंही तुलाच विचारेन. आम्हा चौघांवर जीव असू दे.

तुझी
मिना

*

औडेक्रेक
१० जुलै १९७८

चि. मिना आणि चि. दिंगमन,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. हेंड्रिकच्या बोटांचं वाचून तुझ्या आईने ते पत्र सगळ्या आळीला दाखवलं.

माझं शिकवलेलं खोटं होतं का, असं मी निघताना तू विचारलंस. तेव्हा गाडी आली, म्हणून आता लिहितो. जाताना सबंध वाटेत मी देवाजवळ एकच मागणं करत होतो, की मला काय सांगायचं ते सांग. काहीतरी खूण दे. गाडी चुकव, पाय मोडू दे, काहीही. प्रत्येक स्टेशनवर वाटायचं, उतरावं आणि परत फिरावं. कुणी अडवलं नाही आणि कुणी ढकललंही नाही. मी आपला बसून राहिलो, आणि उट्रेख्तच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की माझं ठरलेलं आहे. कधी ठरलं ते सांगता येणार नाही. मी ठरवलं, हे खरं. आणि मी एकट्याने ठरवलं नाही, हेही तितकंच खरं वाटतं. आपण त्याच्या हातात आहोत असं मी आयुष्यभर म्हणत आलो, पण मला वाटायचं ती मूठ आहे. तो उघडा तळहात असेल, त्यावर चालायला जागा असेल, हे मनात आलं नव्हतं. डॉर्डरेख्तच्या पंडितांना हे चालेल का, ठाऊक नाही. मला झोप लागते.

ज्येष्ठांच्या बैठकीत मी आपण होऊन सगळं सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. पाळकसाहेब दुःखी झाले, रागावले नाहीत. सगळ्यात कडक बोलला तो लेनडर्ट खेलुक. म्हणाला की क्राइन मूरलांडने नातवंडांच्या मायेपायी देवाचा हात झटकला. शेवटी असं ठरलं की काही काळ मी ज्येष्ठांच्या बाकावर बसू नये. मला फार लागेल असं वाटलं होतं. पण आता मी तुझ्या आईशेजारी बसतो, आणि प्रवचन चालू असताना ती किती पेपरमिंटं खाते हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मलाही देते.

शनिवारी दुपारी लेनडर्ट आमच्या अंगणात आला. बैठकीनंतर आमचं बोलणं नव्हतं. बियाण्याच्या बटाट्याचं विचारायला आलो म्हणाला. जुलैत! लावणी होऊन महिने झालेत. त्याने गोठा पाहिला, गाईच्या खुरांची चौकशी केली, पावसाला नावं ठेवली. निघाला, फाटकापाशी थांबला, आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं की ते औषध कडू असतं का. त्याची नात कडू काही दिलं की थुंकून टाकते.

मी म्हटलं, आमच्या क्राइनने दुसरा खडा मागितला.

त्याने टोपी नीट केली आणि गेला. आज सकाळी बांधावरून येताना पाहिलं, त्याच्या दारात गाडी नव्हती. सून आणि नातही घरात नव्हत्या. लेनडर्ट एकटा अंगणात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. मी थांबलो. दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.

पोरांना जवळ घ्या. आमच्यावर आहे तेवढाच जीव शेजारच्या हेंड्रिकवरही ठेवा.

तुमचा
बाबा